यादीबाहेरच्या फायली

धुळ्याला जायला मला कधीच आवडलं नाही. शहराचा त्यात काही दोष नाही. मी जायची ती काहीतरी बंद पडलं म्हणूनच जायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. जळगावात एका छोट्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी प्रोग्रॅम लिहायचं काम करत होते. आमच्या सरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेचं काम अंगावर घेतलं. घेतलं त्यांनी, आणि आलं माझ्या अंगावर.

काम ऐकायला साधं होतं. संस्थेची मुख्य शाळा धुळ्यात, आणि साक्री, शिरपूरकडे आणखी दोन शाळा. तिन्ही शाळांची जुनी जनरल रजिस्टरं धुळ्याच्या ऑफिसात. ज्या रजिस्टरात शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख लिहितात, ते हे जनरल रजिस्टर. साक्रीच्या कुणा म्हाताऱ्याला आपल्या दाखल्याची नक्कल हवी असली, की तो एसटीने धुळ्याला यायचा, दिवसभर बाकावर बसायचा आणि उद्या या म्हटलं की परत जायचा. हे थांबवायचं होतं. धुळ्याच्या मशीनवर सगळ्या नोंदी ठेवायच्या, आणि साक्रीच्या शाळेने टेलिफोनच्या तारेवरून त्या मशीनला जोडून घेऊन वेबच्या पानावर नाव टाकलं की नोंद समोर दिसावी. आज यात कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा सर गिऱ्हाइकांना हे सांगताना खुर्चीवरून अर्धे उठायचे.

नोंदी टाइप करायचं काम शाळेच्या जुन्या लिपिकाने केलं होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. तीन वर्षं, रोज ऑफिसचं काम आटोपलं की दोन तास, भाऊ एका बोटाने नोंदी टाइप करत होते. धुळ्याजवळच्या एका खेड्यातलं बौद्ध कुटुंब, वडील शेतमजूर, घरात शाळेत गेलेले पहिले हेच, आणि तेही याच शाळेत. कोपऱ्यातल्या टेबलावर काचेखाली बुद्धाचं एक लहानसं चित्र होतं आणि त्याच्या शेजारी एसटीचं वेळापत्रक. ऑफिसात ते आमच्यासारखंच मराठी बोलत, पण जरा मोकळे झाले की अहिराणीवर येत. माझं आजोळ जळगावजवळच्या असोद्याचं, आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे अर्धं मी अंदाजाने घ्यायची.

भाऊ एकतीस मेला निवृत्त होणार होते. त्या पिढीतल्या निम्म्या खान्देशाची जन्मतारीख एक जून आहे. मूल शाळेत आणलं, बापाला तारीख माहीत नाही, मग गुरुजी शाळा उघडायच्या सुमाराची सोयीची तारीख लावून टाकायचे. एक जूनला जन्मलेला माणूस सरकारी हिशेबाने एकतीस मेला घरी जातो. आपण टाइप केलेलं निवृत्तीच्या आधी चालताना बघायचं, एवढीच भाऊंची इच्छा होती. त्यांनी ती मला पहिल्याच भेटीत सांगितली, अगदी ऑफिसातली एखादी बाब सांगावी तशी. मी म्हटलं, "भाऊ, एप्रिलमध्येच होऊन जाईल." मला तेव्हा असं बोलायची सवय होती.

पहिली खेप एप्रिलच्या शेवटची. फ्लॉपी स्टीलच्या डब्यात ठेवून, डबा रुमालात गुंडाळून मी निघाले, कारण पर्समध्ये फ्लॉपी तापून खराब व्हायच्या. एरंडोल, पारोळा, धुळे. खिडकीतून येणारं वारं चुलीसमोर बसल्यासारखं. ऑफिसात पोचले तर वीज नव्हती. भाऊंनी माठातलं पाणी दिलं आणि वीज येईपर्यंत माझ्यासमोर एक मोठं रजिस्टर उघडून ठेवलं.

"ताई, मशीनच्या आत तुम्ही काय काय ठेवणार, त्याची यादी द्या. डेडस्टॉकला लावायची आहे."

डेडस्टॉक म्हणजे संस्थेच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूचं रजिस्टर. खुर्च्या, घंटा, नकाशे, पाण्याचा माठसुद्धा. मला हसू आलं. मी म्हटलं, "भाऊ, फायली काही खुर्च्या नाहीत." ते हसले नाहीत. म्हणाले, "वस्तू आहे ना? मग यादी पाहिजे." मी वहीचं पान फाडलं आणि घाईघाईत आमच्या दुकानात बनवलेल्या सहा फायलींची नावं खरडून दिली. भाऊंनी पट्टीने कडा सरळ करून ते पान रजिस्टरात चिकटवलं. मी सही केली नाही, त्यांनीही मागितली नाही, कारण तेवढ्यात वीज आली आणि आम्ही दोघं मशीनकडे धावलो.

सहाही फायली एका नव्या फोल्डरमध्ये चढवल्या, प्रोग्रॅम सुरू केला, आणि पडद्यावर एक करडी चौकट आली. अमुक लायब्ररी फाइल सापडत नाही, म्हणून पुढे जाता येत नाही.

आता लायब्ररी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. कुठलाही प्रोग्रॅम लिहिणारा सगळं काही स्वतः लिहीत नाही. नोंदी उघडणं, तक्ता काढणं, फोनच्या तारेवरून पान पाठवणं, असली कामं दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून वेगवेगळ्या फायलींत ठेवलेली असतात. आपला प्रोग्रॅम गरज लागली की त्यांना हाक मारतो. जळगावच्या माझ्या मशीनवर या फायली आपोआप येऊन बसल्या होत्या, कारण प्रोग्रॅम लिहायचं सगळं सामानच तिथे होतं. त्या तिथे आहेत आणि माझं सगळं त्यांच्या जिवावर चाललंय, हे मला माहीतच नव्हतं. धुळ्याच्या मशीनवर त्या नव्हत्या.

मी परत आले. घरी गच्चीवर आईची उन्हाळी कामं चालली होती. ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते, आणि मी मदतीला नाही म्हणून तिची सकाळपासून धुसफूस. "सापडली का तुझी फाइल?" असं ती विचारायची, शेजारणीच्या हरवलेल्या शेळीबद्दल विचारावं तसं. दुकानात एक नवंकोरं मशीन गिऱ्हाइकाकडे जायचं थांबलं होतं. सरांच्या हातापाया पडून मी ते दोन दिवस मागून घेतलं आणि त्यावर आमचा प्रोग्रॅम चढवून पाहिला. तीच चौकट. एक लायब्ररी आणून ठेवली, तर तिला दुसरी हवी. दुसरी ठेवली, तर तिला तिसरी. असं करत करत पाच झाल्या तेव्हा पान उघडलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला रडूच आलं, आनंदाने म्हणावं तर तसंही नाही, नुसतं दमून.

दुसऱ्या खेपेला त्या पाच लायब्ररी धुळ्याला नेल्या. त्याच फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि पान उघडलं. साक्रीच्या शाळेला फोन लावला, त्यांनी तिकडून एक नाव टाकलं, आणि नोंद त्यांच्या पडद्यावर आली. भाऊ फोन कानाला धरून उभे होते. तिकडचा माणूस नोंद वाचून दाखवत होता आणि भाऊ एकेका शब्दाला मान हलवत होते. नंतर मला म्हणाले, "मीच लिहिलेलं मला फोनवर ऐकवलं त्यांनी." मी चारच्या गाडीने परत निघाले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा उसाचा रस प्यायले. सगळं संपलं असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला दुकानात फोन वाजला. भाऊ होते. "ताई, ती चौकट परत आली."

तिसऱ्या खेपेला मी पाहिलं तर पाचही लायब्ररी गायब. माझं डोकंच चालेना. फायली काही बिबडे नाहीत, कावळ्याने न्यायला. मग मनात व्हायरसचा संशय आला. त्या काळात काही कळेनासं झालं की आम्ही व्हायरसवर खापर फोडायचो. मी भाऊंनी टाइप केलेल्या नोंदी बाजूला काढून घेतल्या, मशीन पार पुसून काढलं आणि सगळं नव्याने चढवलं. दिवसभर भाऊ शेजारच्या खुर्चीवर बसून होते. मध्येच म्हणाले, "मी रोज सकाळी आल्यावर जुळवणी करतो, ताई. आपलं जेवढं आहे, तेवढंच ठेवतो." मी पडद्यावरची टक्केवारी बघत होते. "हं, बरंय," म्हटलं. हे ते बोलले आणि मी ऐकलं नाही, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. पंखा बंद होता आणि त्यांनी माझ्यासाठी पुठ्ठ्याने वारा घालायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी सगळं चालू. दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा फोन.

बावीस मेची चौथी खेप. त्या दिवशी मी धुळ्याच्या स्टँडवर उतरले तीच भांडायच्या तयारीत. तीन दिवस झोप झाली नव्हती, सर रोज बोलत होते, आणि सगळ्या धुळ्याने मिळून मला छळायचं ठरवलंय असं मला वाटायला लागलं होतं. परत पाचही फायली नव्हत्या. मी परत ठेवल्या. मग भाऊ टपाल घ्यायला बाहेर गेलेले बघून मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"सर, कोणीतरी मशीनमध्ये हात घालतंय."

मुख्याध्यापक सावध माणूस. म्हणाले, "तोंडी नको. लेखी द्या."

मी तिथेच बसून लिहून दिलं. संगणकातील आवश्यक फायली वारंवार नष्ट होत आहेत, अप्रशिक्षित हातांकडून छेडछाड होत असल्याचा संशय आहे, तरी संबंधित लिपिकाने यापुढे यंत्रास हात लावू नये, खोली कुलपात ठेवावी. 'संबंधित लिपिक' हे दोन शब्द लिहिताना मी जरा थांबले होते. मला भाऊंना चोर म्हणायचं नव्हतं. पण माझ्या माहितीत ऑफिसात मशीनला हात लावणारा माणूस एकच होता, आणि माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला जळगावला जाऊन झोपायचं होतं.

मुख्याध्यापकांनी खोलीला कुलूप लावून किल्ली आपल्या खणात ठेवली. मशीन चालू, साक्री-शिरपूरहून नोंदी बघता येत होत्या, पण आत जायचं नाही. आणि मग जे झालं त्याने मी पूर्णच फसले. मशीन व्यवस्थित चाललं. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला नाही. आठवडा गेला. दुकानात सर म्हणाले, "बघ, त्या म्हाताऱ्याचीच करामत होती." मी हो म्हटलं. आईला बिबडे करायला मदत केली, दोन दिवस. मनात कुठेतरी खुपत होतं, पण तेवढं थकलेलं माणूस खुपणाऱ्या गोष्टीकडे बघत बसत नाही.

एकतीस मेला शेवटची सही घ्यायला मला धुळ्याला बोलावलं. भाऊ त्या दिवशी चार्ज देत होते. जाणाऱ्या लिपिकाने आपल्या ताब्यातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक रजिस्टर, प्रत्येक किल्ली यादीप्रमाणे दाखवून देऊन सही घ्यायची, म्हणजे चार्ज देणं. पंचवीस-तीस रजिस्टरं टेबलावर मांडली होती. चार्ज घेणारा नवीन लिपिक दुसऱ्या दिवशी हजर होणार होता, म्हणून भाऊ मुख्याध्यापकांना देत होते. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. मला बघून म्हणाले, "या ताई, पाणी घ्या. मशीनचं पान राहिलंय, त्याला तुमची सही लागेल."

त्यांनी डेडस्टॉक उघडलं. माझं फाटकं पान तिथे होतं, सहा नावं, माझ्याच घाईच्या अक्षरात. मी सही करायला पेन काढलं आणि समोरच्या पानावर नजर गेली. तिथे मथळा होता, 'यादीबाहेर आढळून आलेल्या व कमी केलेल्या वस्तू'. खाली तक्ता. तारीख, सकाळची वेळ, नाव, शेरा, सही. पाच नावं. पुन्हा तीच पाच. एकेक अक्षर कोरलेलं, एकही चूक नाही, आणि प्रत्येकासमोर शेरा, 'यादीत नाही, सबब काढून टाकली.'

मी जी पाच नावं शोधायला दोन दिवस दुसऱ्याचं मशीन घेऊन बसले होते, ती इथे शाईने लिहिलेली होती.

"भाऊ, हे तुम्ही काढलं?"

"हो. रोज सकाळी. पहिल्यांदा जुळवणी, मग प्रोग्रॅम सुरू." ते गोंधळले. "तुम्हीच शिकवलं ना, फाइल कशी काढायची ते. संध्याकाळी तुम्ही जायच्या, सकाळी बघतो तर पाच जास्तीच्या. कोणीतरी आणून टाकतंय, त्यानेच मशीन बिघडतंय, असं मला वाटलं. संध्याकाळी मास्तर लोक येतात ना मशीनवर पत्त्यांचा खेळ खेळायला."

मी ती पाच नावं पुन्हा वाचू लागले. मला काही कळलं नाही असं त्यांना वाटलं, म्हणून ते आणखी सांगू लागले. वीसेक वर्षांपूर्वी तपासणीत एक खुर्ची जास्त निघाली होती. कुणा पालकाने आणून ठेवलेली, रजिस्टरला नाही. साहेबांनी भाऊंना मेमो दिला. "कमी निघालं तर हरवलं म्हणतात, ताई. जास्त निघालं तर कुठून आणलं म्हणतात. तेव्हापासून मी जास्तीचं काही ठेवत नाही."

आणि मग एकदम घरच्या बोलीवर येऊन, हळू आवाजात, "बठ्ठं लिखेल शे, ताई. काहीच दपाडेल नही."

सगळं लिहिलेलं होतं, त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. पहिल्या खेपेची सहा नावांची यादी मी दिली होती. दुसऱ्या खेपेला पाच लायब्ररी आणल्या तेव्हा ती यादी पुरी करायचं मला सुचलंही नाही. त्या पाच फायलींसाठी मी स्वतः वणवण केली होती, नवंकोरं मशीन मागून आणलं होतं, आणि ज्या माणसाने यादी मागितली होती त्याला मात्र सांगितलं नव्हतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्या फायली जास्तीच्या नव्हत्या, त्यांच्याशिवाय प्रोग्रॅम मुका आहे, तुम्ही माझ्या यादीवर विश्वास ठेवलात आणि यादीच खोटी होती, असं म्हटलं. भाऊंनी त्या पानावरच्या पाचही नावांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मीच रोज बंद पाडत होतो," ते म्हणाले.

"मी पाडत होते, भाऊ."

मी तशीच मुख्याध्यापकांकडे वळले आणि माझं पत्र परत मागितलं. ते म्हणाले, "आता परत कसं देता येईल? आवक नंबर पडलाय त्याला. एक प्रत संस्थेकडे गेली, एक यांच्या वैयक्तिक फायलीत लागली." बत्तीस वर्षांच्या नोकरीच्या फायलीत शेवटचा कागद माझा. मी आवक रजिस्टर बघायला मागितलं, का ते मलाही माहीत नव्हतं. बावीस मेचं पान उघडलं. एकाखाली एक दोन नोंदी होत्या. पहिली लिपिकाचं टिपण, 'कोणीतरी संगणकात यादीबाहेरच्या फायली आणून ठेवत आहे, चौकशी व्हावी.' दुसरी माझी. विषयाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'संगणक छेडछाड, लिपिकाविरुद्ध तक्रार.'

दोन्ही नोंदी एकाच अक्षरात. तेच कोरलेलं अक्षर.

माझ्या लक्षात आलं की शाळेत आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर देणारा माणूस एकच आहे. मी मुख्याध्यापकांच्या हातात पत्र दिलं, त्यांनी ते नंबरसाठी बाहेर पाठवलं, भाऊंनी ते वाचलं, शिक्का मारला, विषय लिहिला आणि परत आत ठेवलं. त्या दिवशी मी निघताना त्यांनी मला चहा पाजला होता. स्टँडपर्यंत रिक्षा करून देऊ का, असंही विचारलं होतं.

"तुम्ही वाचलं होतं," मी म्हटलं.

"विषय लिहावा लागतो ना, ताई. वाचल्याशिवाय कसा लिहिणार?"

"मग मला बोलला का नाहीत?"

रजिस्टरावरची धूळ त्यांनी हाताने झटकली. धूळ नव्हतीच. मला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मग मी दुसरं पत्र लिहायला बसले. मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला वाढवता? मशीन चालू आहे, हे आज चालले घरी." मी म्हटलं, "लेखी दिलंय, तर लेखीच मागे घेईन." लिहिलं की फायली नष्ट होण्याचं कारण मी दिलेली अपुरी यादी हे आहे, लिपिकाने नियमाप्रमाणे काम केलं, माझी बावीस मेची तक्रार चुकीची होती, चूक माझी आहे. याच्याही दोन प्रती काढून एक संस्थेकडे, एक त्यांच्या फायलीत लावावी. आणि ते पत्र नंबरसाठी पुन्हा भाऊंच्याच टेबलावर गेलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला जवळ बोलावलं.

"ताई, 'चूक माझी आहे' असं लिहू नका. 'यादी अपूर्ण दिली गेली' असं लिहा. तेवढ्याने भागतं." आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "माझं आज संपलं. तुम्हाला पुढे कामं करायची आहेत. हा कागद तुमच्या दुकानातही जाईल."

"तसंच राहू द्या, भाऊ."

"आणि यादीवर तुमची सही मी घेतली नाही. बिनसहीचा कागद रजिस्टरला लावला. तेही लिहायला पाहिजे."

ते त्यांनी लिहिलंच. डेडस्टॉकच्या त्याच पानावर, तक्त्याखाली, 'यादीवर सही घेतली नाही, ही चूक माझी.' मी कितीही नको म्हटलं तरी. मग माझ्या पत्रावर शिक्का मारला, नंबर टाकला, आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'संगणक यादीबाबत खुलासा.' तक्रार मागे घेतली वगैरे काही नाही. त्यानंतर मी एकेक नाव सांगितलं आणि त्यांनी नवीन यादी लिहिली. अकरा नावं. या वेळी मी सही केली.

निरोपाचा कार्यक्रम साडेतीनला होता. हॉलमध्ये सतरंज्या घातल्या जात होत्या. मुख्याध्यापकांनी खण उघडला आणि किल्ली भाऊंपुढे ठेवली. आम्ही दोघं मशीनच्या खोलीत गेलो. कोंडलेल्या खोलीचा गरम वास आला. भाऊ खुर्चीवर बसले, चष्मा पुसला, आणि यादी समोर ठेवून फायली मोजल्या. अकरा. मग त्यांनी वेबचं पान उघडलं. मला वाटलं साक्रीला फोन लावतील. त्यांनी एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं.

नोंद लगेच आली. नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि जन्मतारीख, एक जून.

"बाप सांगायचा, पेरणी आटोपली होती, मग तू झालास," ते म्हणाले. "म्हणजे जुलै उजाडला असेल. गुरुजींनी एक जून लावली." बोट त्या तारखेवर ठेवलं, पडद्याला न टेकवता. "एक जुलै लावली असती, तर आखो एक महिना भेटता, ताई. हे चालताना बघितलं असतं जरा."

त्यांनी हे मला टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. ते हसतसुद्धा होते. पण मी उभ्या उभ्या मोजत होते. बावीस मेपासून एकतीस मेपर्यंत नऊ दिवस. मशीन चालत होतं, साक्रीहून नावं येत होती, नोंदी जात होत्या, आणि ज्याने त्या एका बोटाने लिहिल्या तो माणूस कुलपाच्या बाहेर टेबलाशी बसून टपालाला नंबर देत होता. ते नऊ दिवस मी नेले होते, आणि ते कमी केल्याची नोंद त्यांच्या कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, हार आले म्हणून. भाऊ उठले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "बंद करू, की चालू ठेवू?"

"चालू ठेवा, भाऊ," मी म्हटलं.

त्यांनी पंखा तेवढा बंद केला आणि किल्ली परत द्यायला मुख्याध्यापकांकडे गेले.